लॅपटॉपमधला टोन डब्यात कसा जातो

संगीत नाटकाच्या तालमीला कीबोर्डवादकाने लॅपटॉप घेऊन यावे, याचे पुण्यात आता कोणाला नवल वाटत नाही. जुना पायाचा ऑर्गन दुरुस्त करणारे हात कमी झाले आहेत, तो टेम्पोत घालून नाट्यगृहापर्यंत नेण्याचा खर्च प्रयोगाचे मानधन गिळून टाकतो, आणि तसाच स्वर बऱ्यापैकी देणारे प्लगइन लॅपटॉपमध्ये सहज बसते. तालमीच्या खोलीत ही व्यवस्था उत्तम चालते. प्रयोगाच्या दिवशी मात्र विंगेतल्या अंधारात, डुगडुगत्या स्टुलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज बाहेरच्या ध्वनिव्यवस्थेकडे नेणारे यंत्र), दोघांचे अडॅप्टर आणि एकच सैल प्लगपॉइंट असा संसार मांडावा लागतो. आणि नांदीला पाच मिनिटे उरली असताना पडद्यावर अपडेटची पाटी झळकली की पोटात गोळा येतो.

या जाचातून सुटण्यासाठी जे यंत्र वापरतात त्याला हार्डवेअर प्लगइन प्लेअर म्हणतात. लॅपटॉपमध्ये वाजणारी प्लगइन, म्हणजे वाद्यांची आणि इफेक्टची सॉफ्टवेअरे, लॅपटॉपशिवाय वाजवणारी ही स्वतंत्र, छोटी, पत्र्याची वस्तू असते. तिला मागे मिडीचे (कोणता स्वर कधी, किती जोरात वाजला याचे संदेश नेणाऱ्या तारेचे) आणि ऑडिओचे सॉकेट, पुढे चार बटणे आणि बोटभर पडदा असतो. या लेखात मी तिला 'डबा' म्हणणार आहे. 'पेटी' हा शब्द अधिक शोभला असता, परंतु नाटकवाल्यांच्या गावात पेटी म्हटली की बाजाचीच समजतात.

डबा दिसायला एखाद्या इफेक्ट युनिटसारखा असला तरी आत पूर्ण संगणकच असतो: प्रोसेसर, मेमरी, साठवणुकीसाठी डिस्क किंवा कार्ड, आणि बहुतेक वेळा लिनक्स ही कार्यप्रणाली. म्यूझ रिसर्चचा रिसेप्टर आणि एसएम प्रो ऑडिओचे व्ही-मशीन हे या जातीचे जुने आणि गाजलेले डबे; दोन्ही लिनक्सवर चालत आणि तरीही मूळ विंडोजसाठी लिहिलेली कित्येक प्लगइन वाजवत. अलीकडच्या डब्यांपैकी मॉड ड्युओ हा एलव्ही-टू नावाच्या मुक्त प्रकारातील प्लगइन चालवतो, आणि रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावर उभा असलेला झिंथियान तर हौशी माणसाला घरी सुटे भाग जोडूनही करता येतो. डब्याची जात कोणती आहे, हे पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात महत्त्वाचे ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लॅपटॉपवर चार रात्री जागून लावलेला टोन डब्यात न्यायचा आहे. वादकांच्या बोलण्यात जो 'टोन' असतो, त्यालाच सॉफ्टवेअरच्या भाषेत प्रीसेट म्हणतात, आणि हा शब्दच पुष्कळ गैरसमजांचे मूळ आहे. कारण टोन म्हटले की आपल्याला आवाज डोळ्यांसमोर येतो, किंवा कानांसमोर म्हणा, आणि प्रीसेटच्या फाइलमध्ये तर बहुधा आवाज नसतोच. त्या फाइलमध्ये फक्त एवढे लिहिलेले असते की प्लगइनची कोणती कळ किती फिरवून ठेवली होती.

नाटकात काम केलेल्यांना हे चटकन कळावे म्हणून प्रकाशयोजनेचे उदाहरण घेतो. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करणारे यंत्र. प्रकाशयोजनाकाराच्या वहीत 'क्यू १४: डिमर ६ वर ७० टक्के, डिमर ११ वर ३० टक्के' असे लिहिलेले असते. त्या वहीत प्रकाश नसतो. भरत नाट्य मंदिरात सहाव्या डिमरला डावीकडच्या खिडकीमागचा दिवा जोडलेला असेल, तर ही नोंद वाचून पहाट होईल. तीच वही जशीच्या तशी कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात नेली आणि तिथे सहाव्या डिमरवर मधला झोत जोडलेला असला, तर पहाटेऐवजी नायिकेच्या डोक्यावर भर दुपार होईल. वहीत चूक नसते आणि डिमरमध्येही नसते. दोघांची जोडणी वेगळी असते, एवढेच. प्रीसेट ही वही आहे, प्लगइन म्हणजे दिव्यांची जोडणी, आणि डबा म्हणजे नवे नाट्यगृह.

ही तुलना अलंकारिक नाही, अगदी शब्दशः खरी आहे, हे पाहण्यासाठी एक फाइल उघडून बघू. स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ साली आपल्या क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी हा प्लगइनचा प्रकार आणला आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात वाद्येही आली. या दुसऱ्या आवृत्तीचा एक टोन एफएक्सपी या प्रकारच्या फाइलमध्ये, आणि टोनांची आख्खी बँक एफएक्सबी फाइलमध्ये साठते. एफएक्सपी फाइलचे पहिले चार बाइट म्हणजे 'सीसीएनके' ही चार रोमन अक्षरे. त्यावरून वाचणाऱ्या प्रोग्रामला कळते की ही प्रीसेटचीच फाइल आहे. मग फाइलची लांबी, तिची पोटजात, प्लगइनचा चार अक्षरी ओळखक्रमांक, प्लगइनची आवृत्ती, कळांची संख्या आणि टोनचे नाव. हे सगळे मिळून ५६ बाइट होतात. त्यानंतर प्रत्येक कळेसाठी चार बाइटांचा एकेक आकडा, ० ते १ यांच्या दरम्यानचा. शंभर कळांच्या सिंथची (इलेक्ट्रॉनिक रीतीने स्वर घडवणाऱ्या वाद्याची) पूर्ण फाइल अशी ४५६ बाइटांची, म्हणजे मोबाइलवर आलेल्या एखाद्या सुप्रभात संदेशाहूनही लहान. यात कुठेही 'फिल्टर' किंवा 'रिव्हर्ब' असे लिहिलेले नसते. सदतिसावा आकडा फिल्टरचा आहे हे फक्त त्या प्लगइनला ठाऊक असते, जसे सहावा डिमर खिडकीचा हे फक्त त्या नाट्यगृहातल्या माणसाला ठाऊक असते.

याच ५६ बाइटांत टोनच्या नावाला २८ बाइटांची जागा आहे, आणि ती मराठी माणसाला लगेच बोचते. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि वेलांटी धरून, तीन बाइट घेते. 'तानपुरा काळी एक' या नावात अशी १३ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे ४१ बाइट झाले. नाव मध्येच तुटते आणि डब्याच्या पडद्यावर उरलेल्या भागाचेही चौकोन दिसतात. डब्यात न्यायच्या टोनांना रोमन लिपीत आखूड नावे द्यावीत, असे मी नाइलाजाने सांगतो. माझ्या टोनांना आकडा आणि त्यापुढे वाद्याच्या नावाची तीन-चार अक्षरे असतात, पूर्ण मराठी नावांची यादी वहीत असते.

एफएक्सपीची दुसरी पोटजात अधिक गूढ आहे. मोठ्या प्लगइनना नुसते आकडे पुरत नाहीत. कोणते सॅम्पल (वाद्याचा ध्वनिमुद्रित तुकडा) उघडायचे, कोणता इफेक्ट कोणत्या क्रमाने लावायचा, असे बरेच काही लक्षात ठेवायचे असते. अशी प्लगइन आपल्या मर्जीने एक गठ्ठा बांधून देतात आणि फाइल तो गठ्ठा न उघडता पुढे पोचवते. गठ्ठा उघडण्याची रीत त्याच प्लगइनला येते, म्हणून एका कंपनीच्या पियानोचा प्रीसेट दुसऱ्या कंपनीच्या पियानोत कधीच उघडत नाही. चार अक्षरी ओळखक्रमांक जुळला नाही की डबा फाइल दारातूनच परत पाठवतो. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत फाइलचा प्रकारच बदलला, त्यामुळे एकाच वाद्याचे जुन्या आणि नव्या प्रकारचे प्लगइन शेजारी-शेजारी बसवलेले असले तरी एकाचे टोन दुसऱ्याला वाचता येतीलच असे नाही. जुना डबा फक्त दुसरी आवृत्ती ओळखत असेल आणि तुम्ही लॅपटॉपवर सवयीने तिसऱ्या आवृत्तीत टोन लावत बसला असाल, तर ती मेहनत वाया जाते. काम सुरू करण्यापूर्वी हे तपासणे दोन मिनिटांचे आहे.

आवृत्तीचा घोळ याहून सूक्ष्म रीतीनेही होतो. निर्मात्याने नव्या आवृत्तीत मधेच एखादी कळ वाढवली आणि पुढच्या कळांचे क्रमांक एकेकाने सरकले, तर फाइल निमूट उघडते, काहीही तक्रार करत नाही, आणि सनईऐवजी शेळीचा आवाज येतो. चांगले निर्माते नव्या कळा शेवटी जोडतात. सगळेच निर्माते चांगले नसतात. एलव्ही-टू या प्रकारात ही अडचण मुळातच कमी केलेली आहे. तिथे प्रीसेट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतो आणि प्रत्येक कळेचा उल्लेख क्रमांकाने न होता तिच्या चिन्हनामाने होतो. वहीत 'डिमर ६' असे न लिहिता 'डाव्या खिडकीचा दिवा' असे लिहिल्यासारखे. अशी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून माणसाला वाचता येते. माझे मत विचाराल तर प्रीसेट साठवण्याची हीच शहाणी रीत आहे.

एवढ्यावरून हे उघड होते की प्रीसेटच्या आधी प्लगइन स्वतः डब्यात असले पाहिजे, आणि शक्यतो त्याच आवृत्तीचे. इथे लोकांचा सर्वांत मोठा अपेक्षाभंग होतो. लॅपटॉपमधली प्लगइनची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन डब्यात टाकली की झाले, असे नसते. प्लगइन हे यंत्रभाषेत उतरवलेले सॉफ्टवेअर असते आणि यंत्रभाषा प्रोसेसरच्या घराण्यानुसार बदलते. आपल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमधले प्रोसेसर इंटेलच्या घराण्याचे, तर रास्पबेरी पायमधला एआरएमचा. इंटेलसाठी उतरवलेले प्लगइन एआरएमवर चालवायचे तर निर्मात्यानेच ते पुन्हा उतरवून द्यावे लागते. ज्या डब्यांत प्रोसेसर इंटेलच्या घराण्याचाच असतो आणि कार्यप्रणाली तेवढी लिनक्स असते, तिथे वाइनसारखा एक मधला दुभाषा वापरता येतो, जो प्लगइनने विंडोजला केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतो. दुभाषा कितीही हुशार असला तरी प्रत्येक वाक्प्रचार त्याला येत नाही. म्हणून अशा डब्यांबरोबर कोणती प्लगइन चालतात याची यादी असते, आणि खरेदीपूर्वी ती यादी वाचणे हे किमतीत घासाघीस करण्यापेक्षा अधिक फायद्याचे असते. शिवाय परवान्याचा भाग आहे. काही प्लगइन एका संगणकाला बांधलेली असतात, काहींना यूएसबीची किल्ली लागते. डबा हा परवान्याच्या दृष्टीने दुसरा संगणक असल्यामुळे तुमच्या परवान्यात दुसऱ्या यंत्राची सोय आहे का, हे पाहावे लागते.

प्लगइन आले, प्रीसेट आला, तरी सॅम्पल राहिलेच. तानपुरा, स्वरमंडल, सनई यांची बहुतेक प्लगइन खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवतात आणि प्रीसेटमध्ये त्या तुकड्यांचा फक्त पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता पूर्ण असेल, म्हणजे 'डी ड्राइव्ह, सॅम्पल, तानपुरा, पहिली तार' असा असेल, तर डब्यात तो निरर्थक ठरतो, कारण लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते. पेठेत वाडा पाडून इमारत उभी राहिल्यावर जुन्या पत्त्याच्या पत्राचे जे होते तेच इथे होते. काही प्लगइन पत्ता आपल्या मुख्य फोल्डरपासून मोजतात. तिथे फोल्डरची आतली रचना न मोडता आख्खे फोल्डर उचलून नेले की काम होते. म्हणून लॅपटॉपवर टोन लावायला घेण्यापूर्वीच सगळी सॅम्पल एका फोल्डरखाली आणावीत. अर्धा टोन डेस्कटॉपवरच्या आणि अर्धा डाउनलोडमधल्या सॅम्पलवर उभा असेल, तर नंतर निस्तरताना रडू येते. आणखी एक बारकावा: विंडोजला फाइलच्या नावातली मोठी आणि लहान रोमन अक्षरे सारखीच वाटतात, लिनक्सला ती वेगळी वाटतात. लॅपटॉपवर वर्षभर बिनतक्रार उघडणारी फाइल डब्यात 'सापडत नाही' म्हणून येते, तेव्हा नव्वद टक्के संशय या कॅपिटल अक्षरावर घ्यावा. नव्वद हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण संशय अनुभवाचा आहे.

नेण्याचा मार्ग कोणता, हे आता आकारावरून ठरते. १९८३ साली मिडी आले तेव्हा टोन नेण्याची वाट मिडीची तारच होती. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला आगेमागे धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. त्याच वर्षी आलेल्या यामाहा डीएक्स-७ या सिंथचे ३२ टोन एकत्र ४,१०४ बाइटांच्या संदेशात मावत आणि सुमारे १.३ सेकंदात पलीकडे पोचत. एवढ्याने त्यांचे भागत असे. चार जीबीची सॅम्पल त्याच तारेने पाठवायला घेतली तर पंधरा दिवसांना थोडेच कमी लागतील: गणपती बसले त्या दिवशी सुरू केलेले काम अनंत चतुर्दशी उलटली तरी चालू राहील. म्हणून आजचे डबे यूएसबी, नेटवर्कची तार किंवा पेनड्राइव्ह वापरतात. पेनड्राइव्हच्या वाटेत एक खड्डा आहे. पुष्कळ डब्यांना फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लागतो, आणि त्या पद्धतीत एकच फाइल चार जीबीच्या वर जाऊ शकत नाही. संपूर्ण पियानो एकाच अगडबंब फाइलमध्ये भरलेला असेल, तर पेनड्राइव्हवर चौसष्ट जीबी मोकळे असूनही 'जागा नाही' असा निरोप येतो आणि माणूस चक्रावतो.

प्रत्यक्ष हलवण्याचे काम बहुतेक डब्यांत त्यांच्याबरोबर येणाऱ्या व्यवस्थापक सॉफ्टवेअरमधून होते. व्ही-मशीनसाठी व्हीएफएक्स नावाचे असे सॉफ्टवेअर होते, ज्यात संगणकावरच प्लगइनची मांडणी करून, बँका लावून, मग ती सगळी मांडणी डब्यात उतरवता येत असे. झिंथियानमध्ये हेच काम ब्राउझरमधून, घरच्या नेटवर्कवरून होते. रीत कोणतीही असो, मी क्रम एकच ठेवतो. आधी एकच प्लगइन, एकच टोन न्यायचा. तो वाजला, बंद करून पुन्हा चालू केल्यावरही वाजला, तरच उरलेले. साठ टोन एकदम ओतून त्यातला बिघडलेला कोणता हे शोधत बसण्यापेक्षा ही चेंगट पद्धत शेवटी लवकर आटोपते. डबा लिहीत असताना तार उपसायची नाही आणि वीज जाऊ द्यायची नाही; पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, त्यामुळे त्या दिवशी मी हे काम काढतच नाही.

पहिल्यांदा मी हे केले तेव्हा वरचे सगळे पाळले होते आणि तरी तोंडघशी पडलो. तानपुऱ्याचा टोन काळी एकमध्ये, म्हणजे बाजाच्या पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, लावलेला होता. लॅपटॉपवर तो चोख बोलत होता. डब्यात घातला, तालमीला सुरू केला, आणि गाणाऱ्या बाईंनी आलापासाठी उघडलेले तोंड तसेच मिटून विचारले, "अहो, हा सा कुठल्या पट्टीचा लावलात?" तो पांढरी दोनही नव्हता आणि काळी दोनही नव्हता, दोन्हींच्या मधोमध कुठेतरी लोंबकळत होता, आणि तारा छेडण्याची लयही थोडी पळत होती. घरी येऊन हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. सॅम्पल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या तितक्या मोजमापांच्या, दराने मुद्रित केलेली होती; डबा ४८,००० च्या दराने चालत होता; आणि मधले साधेसे सॅम्पल वाजवणारे प्लगइन दराचे रूपांतर न करताच नमुने पुढे ढकलत होते. ४८,००० भागिले ४४,१०० म्हणजे साधारण १.०८८, आणि वेग एवढ्या पटीने वाढला की स्वर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी एकवरून दीड पट्टी वर म्हणजे बरोबर ती नसलेली जागा. डब्याचा दर ४४,१०० केल्यावर सा जागेवर आला. चांगली प्लगइन हे रूपांतर आपणहून करतात, तरी डबा आणि सॅम्पल यांचा दर एक ठेवलेला बरा.

टोन बरोबर असूनही भलताच टोन लागण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे क्रमांक. कीबोर्डवरून टोन बदलण्यासाठी जो मिडी संदेश जातो त्यात ० ते १२७ यांतला एक आकडा असतो. काही उत्पादक पडद्यावर तोच आकडा दाखवतात, काही माणसांच्या सोयीसाठी १ ते १२८ असे मोजतात. कीबोर्ड एका पंथाचा आणि डबा दुसऱ्या पंथाचा असला की प्रत्येक टोन एका घराने सरकतो. १९९१ च्या जनरल मिडी या टोनांचे क्रमांक ठरवून देणाऱ्या यादीत २१ वा टोन रीड ऑर्गनचा आणि २२ वा अकॉर्डियनचा आहे. यादीतला २१ पाहून शून्यापासून मोजणाऱ्या यंत्रावर २१ दाबले की अकॉर्डियन लागते. दोन्ही पत्तींचीच वाद्ये असल्याने क्षणभर कानही फसतो. १२८ पेक्षा जास्त टोन असतील तर बँक निवडीचे दोन वेगळे संदेश, कंट्रोलर ० आणि ३२, आधी जावे लागतात, आणि यांपैकी डबा कोणता मानतो हे त्याच्या पुस्तिकेतच शोधावे लागते.

काही गोष्टी मात्र टोनबरोबर येतच नाहीत, कारण त्या टोनच्या नसतात. कीबोर्डवरची कोणती कळ फिल्टरला जोडली, डावा अर्धा तानपुऱ्याला आणि उजवा ऑर्गनला कसा वाटला, दोन टोन एकत्र वाजण्यासाठी त्यांचा लेअर कसा लावला, हे सारे प्लगइनबाहेर, ते चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये साठलेले असते. ते डब्यात नव्याने लावावे लागते. लयीला बांधलेला डिले मुख्य सॉफ्टवेअरकडून लय घेत असतो. डबा ती मिनिटाला १२० मात्रांची धरून बसला तर प्रतिध्वनी तबल्याशी भांडतो. आवाजाची पातळीही अशीच: लॅपटॉपवर मिक्सरचे फेडर उतरवून समतोल साधला असेल, तर डब्यात ऑर्गन कानठळ्या बसवतो आणि स्वरमंडल ऐकूच येत नाही. म्हणून पातळी लावायची ती प्लगइनच्या आतच, म्हणजे प्रीसेटबरोबर जाईल.

डब्याचा प्रोसेसर लॅपटॉपच्या मानाने बहुधा अशक्त असतो. कट्-कट् असा आवाज येऊ लागला तर बफर, म्हणजे वाजवण्यापूर्वी तयार करून ठेवायच्या नमुन्यांचा साठा, वाढवावा. ४८,००० च्या दराने १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम तीन फूट जातो. २५६ केला तर सहा फूट. तबलजी तुमच्यापासून त्याहून लांब बसलेला असतो, तेव्हा २५६ ला घाबरण्याचे कारण नाही.

हे सगळे करूनही एखादे प्लगइन डब्यात येतच नाही, तेव्हा मी टोनच मुद्रित करतो. कीबोर्डवर बोटांनी वाजवायच्या ६१ कळांपैकी दर तिसरी कळ धरली तर २१ स्वर होतात. प्रत्येक स्वर हलका, मध्यम आणि जोरात असा तीनदा वाजवला तर ६३ तुकडे. सहा सेकंदांचा, स्टिरिओ, २४ बिटांचा, ४८,००० दराचा एक तुकडा पावणेदोन एमबीच्या आत बसतो, म्हणजे आख्खे वाद्य ११० एमबीच्या आत. हे तुकडे साउंडफाँट किंवा एसएफझेड प्रकारात बांधले की जवळजवळ कोणताही सॅम्पल वाजवणारा डबा ते घेतो. यात मूळ प्लगइनच्या कळा गमावतात. ऑर्गनचा भाता हळू दाबल्यावर स्वर जसा थरथरतो, तो थरथराट येत नाही. नाटकाला ते चालते. बैठकीत मी तसे करणार नाही. आणि ज्यांचे वर्षाला दोनच कार्यक्रम असतात, त्यांनी डब्याच्या भानगडीत न पडता लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून वाजवावे, हे त्यांच्या खिशाला आणि झोपेला अधिक मानवेल.

शेवटची तपासणी कानांवर सोडून भागत नाही, कारण दोन दिवस तोच टोन ऐकून कान सरावलेले असतात. मी एका मिनिटाची मिडी फाइल करून ठेवली आहे: सगळे सप्तक, हलके आणि जोरकस आघात, पेडल दाबून धरलेला एक स्वरसमूह. तीच फाइल आधी लॅपटॉपवर आणि मग डब्यावर वाजवून दोन्ही मुद्रणे मागेपुढे ऐकतो. पट्टी ट्यूनरवर पाहतो. जुळले की डब्यातल्या सगळ्या साठ्याची एक प्रत लॅपटॉपवर परत घेतो. मग कागदाच्या चिठ्ठीवर प्लगइनचे नाव, त्याची आवृत्ती, नमुना दर आणि 'क्रमांक शून्यापासून' एवढे लिहून ती चिठ्ठी डब्याच्या पोटाला पारदर्शक चिकटपट्टीने लावतो, जेणेकरून माझ्याऐवजी प्रयोगाला दुसरा कोणी वादक बसला तरी त्याला विंगेतून मला फोन करावा लागू नये.